नाताळची पऱ्हाटी

कुठलीही गोष्ट समोर आली की ती मुळात कुठून आली, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. सांगलीच्या शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवल्याचा हा परिणाम. घरचे या सवयीला कंटाळलेत. जेवताना मिरची मूळची कुठली हे मी सांगायला लागले की मुलगा पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने उठतो आणि माझं सांगून संपेपर्यंत परत येत नाही.

दोन वर्षांमागे डिसेंबरात एका मोठ्या दुकानाच्या दारात थर्माकोलचा बर्फ, प्लॅस्टिकचं झाड आणि लाल झग्यात घामाने निथळणारा नाताळबाबा पाहिला. मी तिथल्या रखवालदाराला सांगू लागले, की बाबा रे, हे झाड जर्मनीकडचं. तिकडे चोवीस डिसेंबरला आदाम आणि हव्वेचं नाटक व्हायचं, त्यासाठी हिरवं झाड आणून त्याला सफरचंदं बांधायचे. त्या सफरचंदांचेच पुढे हे काचेचे गोळे झाले. रखवालदार म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा, गाडी येतेय." मग मी हे सगळं लिहून काढलं, आणि आमच्याकडच्या एका रविवारच्या पुरवणीत ते छापूनही आलं.

ते वाचून सुशीलाचा फोन आला. सुशीला तरुणपणी नर्सिंग शिकायला मिरजेला होती, तेव्हा आमच्या माडीवरच्या खोलीत राहायची. मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, घरचं ख्रिस्ती कुटुंब. नोकरी संपवून आता घाटंजीजवळच्या आपल्या सासरच्या गावी मुलगा-सुनेबरोबर असते. म्हणाली, "तुले नाताळच्या झाडाचं मूळ पाहाचं आहे ना? मंग आमच्याकडं ये. आमचं झाड मुळासकट असते."

एवढं ऐकल्यावर मी घरी बसणं शक्यच नव्हतं. गेल्या नाताळात मी जाऊन आले.

बावीस डिसेंबर, घाटंजी

प्रवासाचं काही सांगत नाही. लांबचा आहे आणि पाठीला भारी आहे, एवढं पुरे. यवतमाळ सोडून घाटंजीच्या रस्त्याला लागल्यावर मात्र मी खिडकीला नाक लावून बसले. आमच्याकडे या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि खाली पडलेली उसाची कांडकी. इकडे कापसाने ओसंडून वाहणाऱ्या गाड्या. त्यातून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला होता. काट्याकाट्याला पांढरा पुंजका, मैलच्या मैल. मला वाटलं, सजावट करायला माणसं कशाला लागतात. शेजारी बसलेल्या बाईला मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "नुकसान हाये बाई थे सगळं."

सुशीला स्टँडवर आली होती. केस पांढरे झालेत, पण चाल तीच, वॉर्डात निघाल्यासारखी. मला घेऊन ती थेट बाजारात शिरली, कारण घरी चांदणीसाठी कागद हवा होता. आठवडी बाजाराचा दिवस होता. वांग्यांचे ढीग, ओल्या तुरीच्या शेंगा, गुळाच्या भेल्या, आणि एका कोपऱ्यात पतंगी कागद, झिरमिळ्या आणि बांबूच्या कामट्या विकणारा एक म्हातारा. कामट्या झरीकडच्या जंगलातल्या, असं त्याने अभिमानाने सांगितलं. त्याच्याकडे काही तयार आकाशकंदीलही टांगलेले होते.

"हे दिवाळीचे उरलेले ना?" मी विचारलं.

"हो जी. दिवाळीले कंदील, नाताळाले चांदणी. माह्याकडं कागद एकच," तो म्हणाला. "दोन पाखं ज्यादा लावून देऊ का?"

नाताळच्या चांदणीवर मी जो लेख लिहायच्या विचारात होते, त्याची निम्मी मेहनत या माणसाने वाचवली. आपल्याकडची नाताळची चांदणी आकाशकंदिलाची सख्खी बहीण आहे, हे इतकं उघड असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा सून करंज्या लाटत होती. तिचं नाव कविता. सावळी, उंच, हात झपाझप चालणारे. नाताळाला करंज्या, शेव, अनारसे, सगळं दिवाळीसारखंच. फरक इतकाच, की मध्ये घाटंजीच्या बेकरीतून आणलेला गुलाबी फुलांचा केक ठेवलेला होता आणि त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नव्हतं. शेजारच्या दोघी-तिघी मदतीला आल्या होत्या. त्यांच्याबरोबर मीही बसले, आणि करंज्या भरता भरता माझी टकळी सुरू झाली. नाताळला मोजे टांगायची पद्धत कुठून आली? एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या. हुंडा नाही म्हणून लग्नं अडलेली. एका साधुपुरुषाने रात्री गुपचूप धुराड्यातून सोनं टाकलं, ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं.

"म्हंजे तिकडंही हुंडा होता?" एकीने विचारलं.

"होता की."

"मंग आपल्याकडं असा साधू काहून नाही आला?"

सगळ्या हसल्या. कविताही हसली, पण लगेच उठून आत गेली. मला वाटलं चुलीकडे गेली असेल. सुशीलाने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की आपण नको तिथे पाय टाकला हे मला कळलं.

कार्डावरचं झाड

जेवायला भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि मिरचीचा ठेचा होता. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. सुशीलाचा मुलगा शमुवेल, घरात शमू, जेवून देवळाकडे गेला. इकडची मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. मग अंगणात खाटेवर बसून सुशीलाने मला झाडाची गोष्ट सांगितली.

तिच्या आजेसासऱ्यांच्या काळी इथे एक गोरी पाद्रीणबाई यायची. तिने एकदा नाताळाला सगळ्यांना चित्राची कार्डं वाटली. कार्डावर एक झाड होतं, वरपासून खालपर्यंत पांढऱ्या पुंजक्यांनी लगडलेलं. बर्फ कोणी पाहिलेला होता? सगळे कापसाच्या वावरात राबणारे. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, ही तर पऱ्हाटी आहे, यंदा चांगली फुटलेली. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. पुढच्या नाताळाला त्यांनी एक पऱ्हाटी कापसासकट उपटून आणली आणि देवळात उभी केली. पाद्रीणबाई आली, तिने बघितलं आणि राहू दिलं म्हणतात. तेव्हापासून तेच चालू आहे.

मी खाटेवरून उठून दोन फेऱ्या मारल्या, इतका मला आनंद झाला. हे झाड जिथून आलं तिथल्या लोकांनीही दुसरं काय केलं होतं? आपल्या थंडीत जे झाड हिरवं राहतं ते घरात आणलं. यांनी आपल्या थंडीत जे झाड भरून येतं ते आणलं. सुशीला म्हणाली, "आमच्या आजूबाजूचे हिंदू शेतकरी पहिल्या वेचणीले सीतादही करतात ना, झाडापाशी दहीभाताचा निवद ठेवतात. आमच्या म्हाताऱ्यांनी लहानपणी तेच केलतं. झाडाले मान देणं त्यांच्या अंगातच होतं."

पण या रिवाजाचे नियम आहेत. दरवर्षी एका घराची पाळी. त्या घराने आपल्या वावरातलं एक झाड पहिल्या वेचणीपासून न वेचता राखायचं. चोवीस तारखेला दिवस मावळायच्या आत ते अंगणात उभं करायचं आणि नाताळच्या सकाळी गात गात देवळात न्यायचं. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्या वावरातलं झाड, त्यानेच ते आपल्या हाताने आणून उभं करायचं. दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही.

"यंदा पाळी आमची," सुशीला म्हणाली. "अन् आमच्या वावरात यंदा नुसतं सोयाबीन अन् तूर. पऱ्हाटी लावलीच नाही."

"मग?"

तिने आत पाहिलं. कविता भांडी घासत होती. सुशीलाने आवाज खाली आणला.

कविता बंजाऱ्यांची मुलगी. तिचा तांडा इथून तासाभराच्या चालीवर. शमूशी तिने सहा वर्षांपूर्वी लग्न केलं, घरी न सांगता. आई आधीच वारलेली होती, वडील हिरामण आणि त्यांची विधवा बहीण गोमली यांनी तिला वाढवलेलं. लग्नानंतर हिरामण एकदाही या घरी आले नाहीत. फोन घेत नाहीत. घरात तिचं नाव काढू देत नाहीत. दर नाताळाला सुशीला फराळाचा डबा घेऊन तांड्यावर जाते, ती दिसली की हिरामण मागच्या दाराने वावरात जातात, आणि डबा गोमलीबाई घेते.

"यंदा कवितानं काळीपिवळीच्या ड्रायव्हरजवळ निरोप देला," सुशीला म्हणाली. "'बापू, आमच्या घरचं झाड तुमच्या वावरातून पाह्यजे.' बस, इतकाच. दिवाळीच्या आधीची गोष्ट. उत्तर नाही आलं. अन् मांगच्या हप्त्यात थो ड्रायव्हर दारात गाडी थांबवून म्हणते, 'हिरामणनं सांगतलं, झाड ठेवलं हाये.'"

झाड ठेवलं म्हणजे तो माणूस स्वतः ते घेऊन येणार, या अंगणात. मला तेव्हा कळलं की बाप आणि मुलींच्या लग्नाची गोष्ट ऐकून कविता मघाशी उठून का गेली होती.

देवळात प्लॅस्टिकचं एक झाड खोक्यात पडून होतं. कोणा नागपूरच्या नातेवाइकाने दिलेलं. पाळकसाहेब तरुण आहेत, अमरावतीकडचे, स्वभावाने मऊ. दुसऱ्या दिवशी ते येऊन कविताला सांगून गेले, "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत थांबू आपण. नाही जमलं तर खोकं आहेच, काळजी करू नका." चांगल्या मनाने म्हणाले होते. पण ते गेल्यावर कविताने अंगण पुन्हा एकदा झाडलं. सकाळी मी तिला ते झाडताना पाहिलं होतं.

चोवीस डिसेंबर, तांड्यावर

मी सुशीलाबरोबर डबा घेऊन निघाले. थंडी चांगली होती. दोन्ही बाजूंना काळी माती, तुरीच्या पिवळसर ओळी, लांब टेकडीवर सागाची मोठी मोठी वाळकी पानं. सुशीला वाटभर बोलली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याला ही फार मोठी गोष्ट आहे.

तांडा म्हणजे चाळीसेक घरं. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखातून हिंडायची. आता प्रत्येकाचं वावर आहे, बैल आहेत, दारात मोटारसायकल आहे. पण वस्तीला नाव अजून तांडाच. आम्हाला पाहून हिरामण मागच्या दाराकडे गेले नाहीत. ओट्यावर उभे राहिले. शिडशिडीत म्हातारा, लाल फेटा, पांढऱ्या मिशा, नजर खाली.

"या विहीणबाई," ते म्हणाले.

सहा वर्षांत सुशीलाशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. तिने पदर सारखा केला आणि उगाचच डब्याचं झाकण घट्ट केलं.

"गोमली वावरात हाये. बाया लावल्या हायेत वेचणीले," ते म्हणाले. "चला. दाखवतो."

आम्ही मागोमाग गेलो. वाटेत मी विचारलं, झाड कसं निवडलं. त्यांनी मला जे सांगितलं त्यावरून कळलं की माणसाने दिवाळीपासून दुसरं काही केलंच नसावं. धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, आत, वारा कमी लागतो अशा ठिकाणचं झाड. पाखरं बसू नयेत म्हणून काठीला चिंधी. बोंड फुटलं की कापूस लोंबून गळतो, तो गळू नये म्हणून रोज एक चक्कर. "गोमलीले नाही सांगतलं," ते म्हणाले. "कोन्या तोंडानं सांगू? मीच म्हनलं होतं, नाव काढाचं नाही म्हून."

वावरात सात-आठ बायका ओळीने पुढे सरकत होत्या, कमरेला ओटी बांधून, दोन्ही हातांनी वेचत. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी. आरशांची कांचळी चोळी, घेरदार घागऱ्यासारखी फेटिया, दंडापर्यंत पांढरे चुडे. हल्ली तांड्यात असा वेश फक्त जुन्या बायकांच्या अंगावर दिसतो. तीच गोमलीबाई.

हिरामण चालता चालता थांबले. काठीला बांधलेली चिंधी मला दिसली. काठीशेजारी झाड होतं, माझ्या खांद्याएवढं, छान पसरलेलं. आणि त्यावर कापसाचा एक धागा नव्हता. नुसती वाळकी, उघडी, तपकिरी टरफलं.

गोमलीबाई आम्हाला पाहून लगबगीने आली. ओटी फुगून पुढे आलेली. "विहीणबाई आल्या का," म्हणाली, आणि भावाकडे वळून तक्रारीच्या सुरात, "या बायांच्या भरोशावर वावर सोडलं का असं होते. हे एक झाड साफ सुटलं होतं पाहा. इतका कापूस होता त्यावर. मीच काढला आता."

हिरामण झाडाकडे पाहत राहिले. ते बहिणीला रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण रागवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तेच त्यांना सांगवत नव्हतं. शेवटी सुशीलानेच सांगितलं. झाड कोणासाठी होतं ते.

गोमलीबाईचा चेहरा मला पाहवेना. तिने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "जळो हे हात," ती म्हणाली. "थांबतच नाही ना जी. फुटलेलं बोंड दिसलं का हात जाते. कविताचं झाड. माह्या पोरीचं झाड मी वेचलं."

"राहू द्या," हिरामण म्हणाले. "व्हाचं नसन." आणि ते घराकडे वळले.

म्हणजे आता ते येणार नव्हते. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. दुसरं राखलेलं झाड नव्हतं, बाकी वावर आधीच वेचून झालेलं, त्यात आता तुरळक बोंडंच उरली होती. आणि रिकामं झाड घेऊन मुलीच्या दारात जाणारा हा माणूस नव्हे. सुशीला धुऱ्यावर बसली. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी जे नेहमी करते तेच केलं. मूळ सांगायला लागले.

"गोमलीबाई," मी म्हटलं, "ही झाडाची रीत ज्या मुलखातून आली ना, तिथं झाडाला कापूस लागतच नाही. या दिवसांत तिथं बर्फ पडतो आणि झाडं पांढरी होतात. पण सगळीकडे पडत नाही. मग जिथं पडत नाही तिथली माणसं दुकानातून कापूस आणतात आणि फांद्यांवर हाताने ठेवतात. जगभर असंच करतात. शहरातल्या दुकानात मी स्वतः पाहिलंय."

"हातानं ठेवतात?"

"हो."

"इकत घेऊन?"

"विकत घेऊन."

ती आपल्या फुगलेल्या ओटीकडे पाहत राहिली. "मंग आपल्याकडं तर घरचा हाये," ती म्हणाली, आणि त्या झाडाच्या बुडाशी मातीत मांडी घालून बसली.

बोंडातून कापूस काढायला बोटांना काहीच लागत नाही, पण परत घालणं महाकठीण. पुंजका ठेवला की वाऱ्याने उडतो. दाबला की गोळा होतो, फुटलेल्या बोंडासारखा दिसत नाही. गोमलीबाई चिडून आपल्याच बोटांना बोलू लागली. तेव्हा मला माझ्या देवघरातल्या वाती आठवल्या. पुंजक्याचं खालचं टोक बोटात धरून फुलवातीसारखा पीळ दिला आणि तो पीळ टरफलाच्या बेचक्यात रुतवला. राहिला. वरचा भाग मोकळा सोडला तर अगदी आपोआप फुटल्यासारखा लोंबला.

"अव्वो," गोमलीबाई म्हणाली. "पुन्हा दाखवा बरं."

ओळीतल्या बायका वेचणी सोडून आल्या. त्यांना प्रकार कळला तशा त्या भराभर बसल्या. एक हसत म्हणाली, "जलमभर काढला, आता घालून राह्यलो." दुसरी म्हणाली, कोणी पाह्यलं तर म्हणतील या बाया पिसाळल्या. माझी दोन बोंडं होईपर्यंत त्यांची दहा होत होती. वात वळण्यापुरतंच माझं वर्चस्व टिकलं. सुशीलाही येऊन बसली आणि नर्सच्या सफाईने एकेक बोंड भरू लागली.

झाड हलत होतं, म्हणून काम अडत होतं. मग कोणीतरी ते बुडाशी घट्ट धरलं. मी वर पाहिलं तर हिरामण होते. कधी परत आले मला कळलं नाही. ते दोन्ही हातांनी झाड धरून उकिडवे बसले आणि कापूस भरून होईपर्यंत हलले नाहीत.

झाड धरूनच, कोणाकडेही न पाहता ते बोलले. "विहीणबाई, मले धर्माचा राग नव्हता जी. तुमचा देव तुमच्यापाशी, आमचा आमच्यापाशी. पोट्टी थ्या दिवशी दिवसभर याच वावरात माह्यासंग होती. संध्याकाळी घरी नव्हती. बापाच्या घरून अशी जाते का पोट्टी? सांगून गेली असती तं मी भांडलो असतो. पन सांगाचं होतं."

सुशीला म्हणाली, "तुमचं खरं आहे." तिने दुसरं काही म्हटलं नाही, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

झाडाची वाट

पऱ्हाटी उपटायला इकडे लोखंडी चिमटा असतो. हिरामणने तो वापरला नाही. कुदळीने भोवतीची माती सैल करून झाड मुळांसकट, मातीच्या गड्ड्यासह काढलं आणि ओल्या पोत्यात बांधलं. कोणी म्हणालं, काळीपिवळी बोलावू. "गाडीत कापूस उडून जाईन," ते म्हणाले, आणि झाड उभं छातीशी धरून चालायला लागले.

अशी आमची वरात निघाली. पुढे हिरामण, मागे गोमलीबाई, मग सुशीला, मी, आणि उत्सुकतेने आलेल्या दोघी वेचणाऱ्या. झाडावरून एखादा पुंजका सुटला की मागची तो उचलायची, पीळ देऊन परत बसवायची. समोरून एक ट्रॅक्टर आला, त्याने धूळ उडू नये म्हणून गाडी बंद करून आम्हाला वाट दिली. एका बकरीने मात्र खालची दोन बोंडं पानांसकट खाल्ली. गोमलीबाईने तिला जे ऐकवलं ते बंजाऱ्यांच्या गोर बोलीत होतं, त्यामुळे मला सगळं समजलं नाही, पण बकरीला समजलं असावं. माझ्या चपलेचा अंगठा अर्ध्या वाटेत तुटला आणि उरलेली वाट मी एक पाय अनवाणी ठेवून लंगडत काढली. मला त्याचं काही वाटलं नाही. मी इतकी खूश होते की तुटलेली चप्पल हातात घेऊन मी त्या दोघींना नाताळची तारीख कशी ठरली ते सांगत होते.

गावात शिरलो तेव्हा सूर्य सागाच्या टेकडीवर टेकला होता. शमूने अंगणात मातीने भरलेला पत्र्याचा डबा तयार ठेवला होता आणि दारावर घाटंजीच्या कागदाची चांदणी टांगली होती. त्याने सासऱ्याला पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. हिरामणने मान हलवली, पण हातातलं झाड सोडलं नाही. डब्यात झाड उभं केलं, माती दाबली, गोमलीबाईने दोन-तीन पुंजके नीट केले. मग हिरामणचं काम संपलं आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. दारापासून दहा पावलांवर ते तसेच उभे राहिले. आत या, असं कोणी म्हणायला धजत नव्हतं, कारण ते नाही म्हणाले तर पुढे काही उरणार नव्हतं.

कविता दारात आली. तिने झाडाकडे पाहिलंच नाही. ती चालत वडिलांपर्यंत गेली, दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले आणि मोठ्याने रडू लागली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की हे नुसतं रडणं नाही. त्याला सूर होता. एक ओळ लांबत जायची, तुटायची, पुन्हा सुरू व्हायची, आणि मधे मधे 'बापू' हा शब्द यायचा. शब्द गोर बोलीतले.

देवळातली मंडळी ढोलकी-टाळ घेऊन गाणी म्हणायला फाटकाशी आली होती. पाळकसाहेबांनी हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं.

"हे काय म्हणतेय?" मी गोमलीबाईला हळूच विचारलं.

"ढावलो हाये हा," ती डोळे पुसत म्हणाली. "लग्न झाल्यावर पोट्टी बापाच्या घरून जाते ना, तवा बापाच्या गळ्यात पडून म्हन्ते. हिचा राह्यला होता."

कविता सगळं म्हणाली. एकही ओळ तिने सोडली नसावी, इतका वेळ ते चाललं. हिरामण आधी ताठ उभे होते, मग त्यांची मान तिच्या खांद्यावर गेली. सूर थांबला तेव्हा त्यांनी फेट्याच्या शेवाने तिचं तोंड पुसलं, डोक्यावर हात ठेवला आणि बाप जे म्हणतो ते म्हणाले.

"जाय, बाई. सुखानं जाय."

ती आपल्याच अंगणात उभी होती. ती वळली आणि आपल्या घरात गेली. तिच्या मागोमाग तेही गेले.